नॉमिनीच्या रकान्यात संस्थेचे नाव : मृत्यूनंतरचे दान पोहोचते कसे?

बँकेत मुदत ठेव ठेवताना, विमा उतरवताना, म्युच्युअल फंडात गुंतवणूक करताना किंवा गृहनिर्माण संस्थेचे सभासदत्व घेताना अर्जातला एक रकाना हमखास समोर येतो आणि तो म्हणजे नॉमिनीचा, अर्थात नामनिर्देशित व्यक्तीचा. ज्यांना मूलबाळ नाही, किंवा ज्यांच्या मुलांचे उत्तम चालले आहे, अशा अनेकांना आपल्या पश्चात काही रक्कम एखाद्या शाळेला, रुग्णालयाला, ग्रंथालयाला किंवा वृद्धाश्रमाला मिळावी असे वाटते आणि याच रकान्यात त्या संस्थेचे नाव लिहिले की काम झाले, असा त्यांचा समज असतो. अमेरिकेत बऱ्याच बाबतींत हा समज खरा ठरतो. भारतात मात्र बँकेपासून भविष्य निर्वाह निधीपर्यंत अनेक ठिकाणी असे नाव चालतच नाही आणि जिथे चालते तिथेही केवळ तेवढ्याने संस्था त्या पैशाची मालक होत नाही. दिसायला सारखेच असलेले हे दोन रकाने इतके वेगळे का वागतात, हे कळले की मृत्यूनंतरच्या दानाची बहुतेक यंत्रणा आपोआप उलगडत जाते.

अमेरिकेत एक अर्ज का पुरतो?

अमेरिकेत आयुर्विमा, निवृत्तीसाठीची खाती आणि खातेदाराच्या मृत्यूनंतर ठरलेल्या माणसाला देय होणारी बँक खाती ही मृत्युपत्राच्या कक्षेबाहेर ठेवलेली असतात. खातेदार आणि वित्तसंस्था यांच्यातील करारातच ‘लाभार्थी’ नमूद केलेला असतो, त्यामुळे खातेदार गेल्यावर वित्तसंस्था मृत्युपत्राची वाट न पाहता थेट त्या लाभार्थ्याला पैसे देते आणि तो पैसा त्याच्या मालकीचा होतो. लाभार्थी ही व्यक्तीच असली पाहिजे असे बंधन नसल्याने तिथे नोंदणीकृत धर्मादाय संस्थेचे कायदेशीर नाव, तिचा करओळख क्रमांक आणि द्यायची टक्केवारी लिहिली की दान पक्के होते. उदाहरणार्थ, ८० टक्के मुलीला आणि २० टक्के संस्थेला अशी वाटणीही त्याच अर्जात करता येते.

या अर्जाचे वजन किती, हे २००९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात दिसले. ड्यूपाँ कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने घटस्फोटानंतरही बचत योजनेतील लाभार्थी म्हणून असलेले पूर्वपत्नीचे नाव बदलले नव्हते. घटस्फोटाच्या हुकुमात तिने त्या रकमेवरचा हक्क सोडलेला होता, तरीही योजनेच्या व्यवस्थापकांनी अर्जाप्रमाणे सुमारे चार लाख डॉलर तिलाच दिले, ते योग्यच होते, असा निर्णय न्यायालयाने दिला. अर्ज भरून विसरून जाणे किती महागात पडू शकते, याचा हा धडा दान देणाऱ्यालाही तितकाच लागू पडतो.

तिथे संस्थेचे नाव विशेषतः निवृत्ती खात्यात लिहिण्यामागे कराचे गणित आहे. पगारातून कर न कापता साठवलेला हा पैसा मुलांनी काढला की त्यांना त्यावर प्राप्तिकर भरावा लागतो आणि २०१९ च्या कायद्यानुसार बहुतेक सज्ञान मुलांना तो दहा वर्षांच्या आत काढावाच लागतो. धर्मादाय संस्था करमुक्त असल्याने तिला तोच पैसा पूर्ण मिळतो. म्हणून घर आणि शेअर मुलांना, तर दान निवृत्ती खात्यातून, अशी रचना तिथले सल्लागार सुचवतात. मात्र नोकरीतून मिळणाऱ्या अनेक निवृत्ती योजनांत जोडीदाराचा हक्क पहिला असतो आणि विवाहित व्यक्तीला दुसरे नाव घालायचे तर जोडीदाराची रीतसर लेखी संमती लागते.

भारतात नॉमिनीकडे ताबा येतो, मालकी नाही

भारतीय कायद्याने नामनिर्देशनाकडे वेगळ्या गरजेतून पाहिले. खातेदार गेल्यावर वारसांमधला वाद मिटेपर्यंत बँकेने किंवा विमा कंपनीने पैसे अडवून ठेवू नयेत आणि चुकीच्या माणसाला पैसे दिल्याचा ठपका तिच्यावर येऊ नये, यासाठी एका माणसाच्या हाती रक्कम सोपवून तिला मोकळे होता यावे, एवढाच या तरतुदीचा मूळ हेतू आहे. घर बंद असताना आलेले कुरिअर सही करून घेणारा शेजारी जसा त्या पाकिटाचा मालक होत नाही, तर ते योग्य माणसाच्या हाती देण्याची जबाबदारी घेतो, तशीच नॉमिनीची भूमिका असते. पाकीट कोणाचे आहे, हे त्यावरचा पत्ता ठरवतो आणि मालमत्तेच्या बाबतीत हा पत्ता मृत्युपत्रात लिहिलेला असतो. मृत्युपत्र नसेल तर त्या त्या व्यक्तीला लागू असलेला वारसा कायदा तो ठरवतो.

विम्याच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८३ मध्ये हेच सांगितले की नॉमिनीला रक्कम स्वीकारण्याचा अधिकार मिळतो, पण ती रक्कम मृताच्या मालमत्तेचाच भाग राहते. शेअरच्या बाबतीत काही काळ संभ्रम होता. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालाने नॉमिनीलाच शेअरचा मालक मानले, पुढे त्याच न्यायालयाने उलट मत दिले आणि अखेर ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेसंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये, कंपनी कायद्याखालील नामनिर्देशनाने वारसा हक्क डावलला जात नाही, असे स्पष्ट केले. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या बाबतीतही सहकार कायद्यातील सुधारणेनुसार, वारस निश्चित होईपर्यंत नॉमिनीला केवळ तात्पुरता सभासद म्हणून घेतले जाते.

या नियमाला विमा कायद्यात २०१५ साली एक महत्त्वाचा अपवाद जोडला गेला. पॉलिसीधारकाने आपले आईवडील, पती किंवा पत्नी अथवा मुले यांना नॉमिनी केले असेल, तर ते आता रकमेचे खरे लाभार्थी मानले जातात. या यादीत संस्था नाही, त्यामुळे दानासाठी या अपवादाचा उपयोग होत नाही. उलट, पत्नीचे नाव नॉमिनी म्हणून कायम ठेवून तीच विम्याची रक्कम मृत्युपत्रात संस्थेला दिली, तर पत्नीचा हक्क वरचढ ठरून संस्थेच्या हाती काहीच न येण्याचा संभव असतो.

कोणत्या अर्जात संस्थेला जागा आहे?

बँक ठेवी आणि लॉकर यांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेच्या सूचना स्पष्ट आहेत. नामनिर्देशन केवळ व्यक्तीच्या नावे करता येते; न्यास, सोसायटी किंवा अन्य संघटना यांच्या नावे, तसेच त्यांच्या पदाधिकाऱ्याच्या नावे त्या पदाच्या नात्याने केलेले नामनिर्देशन वैध मानले जात नाही. नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चार नॉमिनी नेमण्याची मुभा मिळाली असली, तरी एखादे ज्यादा नाव संस्थेचे लिहिता येईल असा तिचा अर्थ नाही.

कर्मचारी भविष्य निर्वाह निधीत बंधन आणखी कडक आहे. सदस्याला कायद्याच्या व्याख्येत बसणारे कुटुंब असेल, तर कुटुंबाबाहेरचे नामनिर्देशन वैध ठरत नाही. कुटुंब नसताना दुसऱ्या कोणाचे नाव लिहिले असेल, तर लग्नानंतर किंवा मूल झाल्यावर तेही रद्दबातल होते. ग्रॅच्युइटीचा नियमही याच धर्तीवर आहे.

म्युच्युअल फंडांच्या अर्जांवरील सूचना तुलनेने उदार असतात. सोसायटी, कंपनी किंवा भागीदारी संस्था यांना त्यांत मनाई असली, तरी धार्मिक किंवा धर्मादाय न्यासाला नॉमिनी म्हणून स्थान दिलेले आढळते. अर्ज भरण्यापूर्वी त्या वेळच्या सूचना वाचून घेणे आवश्यक असतेच, पण इथेही ताबा आणि मालकी यांतला फरक पुसला जात नाही. न्यासाचे नाव नॉमिनी म्हणून असले, तरी त्या युनिट्सची मालकी न्यासाकडे जावी हे मृत्युपत्रात लिहिलेले असले पाहिजे.

विम्यात संस्थेसाठी एक वेगळा मार्ग आहे, तो म्हणजे पॉलिसीचे हस्तांतरण, ज्याला विमा व्यवहारात असाइनमेंट म्हणतात. विमा कायद्याच्या कलम ३८ खाली पॉलिसीधारक हयातीतच पॉलिसीवरील आपला हक्क लेखी स्वरूपात दुसऱ्याला देऊ शकतो आणि विमा कंपनीने त्याची नोंद घेतली की आधीचे नामनिर्देशन सामान्यतः रद्द होते. हा हक्क खरोखरच हस्तांतरित होत असल्याने पुढे मन बदलले तरी तो एकतर्फी परत घेता येत नाही, तर नामनिर्देशन मात्र कधीही बदलता येते.

मालकी देणारा कागद : मृत्युपत्र

भारतात संस्थेला आपल्या पश्चात दान द्यायचे तर त्याचा पाया मृत्युपत्र हाच आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार मानसिकदृष्ट्या सक्षम असलेली कोणतीही सज्ञान व्यक्ती ते करू शकते. त्यावर तिची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. प्रत्येक साक्षीदाराने तिला सही करताना पाहिलेले असावे किंवा ही सही आपलीच आहे असे तिने त्याच्यापाशी सांगितलेले असावे आणि त्याने तिच्या समक्ष सही केलेली असावी. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणीही ऐच्छिक आहे, परंतु पुढे खरेपणाबद्दल शंका उठण्याची शक्यता असल्यास नोंदणी उपयोगी पडते. संस्थेच्या विश्वस्तांना साक्षीदार न करणे शहाणपणाचे, कारण ज्याच्या संस्थेला लाभ होणार त्याच्याच साक्षीवर वारस बोट ठेवू शकतात.

मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे व्यवहार पार पाडणारी व्यक्ती, नेमता येते. बँक संस्थेला नॉमिनी करू देत नाही या अडचणीवरचा सोपा उपाय इथेच आहे. विश्वासू एक्झिक्युटर नेमावा, ठेवींवरही त्यालाच नॉमिनी करावे आणि मृत्युपत्रात ती रक्कम संस्थेला द्यावी, असे स्पष्ट लिहावे. अशा रचनेत बँक ज्याच्या हाती पैसे देते, त्याच्याच अंगावर ते संस्थेपर्यंत पोहोचवण्याची कायदेशीर जबाबदारी असते आणि दोन्ही कागद एकच गोष्ट सांगतात.

हेतू किती स्पष्ट असावा?

संस्थेचे बोलीतले नाव आणि कायदेशीर नाव यांत पुष्कळदा फरक असतो, शिवाय एकाच नावाच्या दोन संस्थाही सापडतात. म्हणून नोंदणीचे नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता हे तिन्ही लिहावेत. दान संस्थेच्या कामासाठी असेल, तर ते अध्यक्षांच्या वैयक्तिक नावे लिहू नये.

हेतूच्या संदिग्धतेवर मुंबई इलाख्यातून गेलेले एक प्रकरण कायद्याच्या इतिहासात गाजले. मृत्युपत्रात मालमत्ता केवळ ‘धर्मा’साठी ठेवली होती, त्या शब्दाने नेमके कोणते काम अभिप्रेत आहे, हे न्यायालयाला ठरवता येत नाही, या कारणाने लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८९९ मध्ये ते दान निरर्थक ठरवले. पुढे १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याने, जो आज महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम म्हणून ओळखला जातो, ही अडचण दूर केली. धर्म, धर्मादाय, पुण्यकार्य, पुण्यदान अशा हेतूंसाठी केलेला सार्वजनिक न्यास केवळ हेतू अनिश्चित आहे म्हणून रद्द होणार नाही, असे त्याच्या कलम १० च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. तरतूद असली तरी तिच्या भरवशावर राहण्याचे कारण नाही, कारण हेतू जितका मोघम, तितका तो ठरवण्याचा अधिकार दात्याच्या हातून निसटतो.

मात्र अतिनेमकेपणाही अडचणीचा ठरू शकतो. एखाद्या रोगाच्या विशिष्ट वॉर्डासाठी दिलेला पैसा तो वॉर्डच बंद झाल्यावर अडकून पडतो आणि मग मूळ हेतूच्या जवळचा दुसरा उपयोग ठरवून घेण्यासाठी न्यायालयात जावे लागते. म्हणून विशिष्ट काम लिहून, ते शक्य नसल्यास संस्थेच्या सर्वसाधारण कार्यासाठी रक्कम वापरावी, असे पुढे जोडणे उत्तम.

रक्कम, वस्तू की उरलेला वाटा?

दान तीन प्रकारे लिहिता येते आणि प्रत्येकाचे परिणाम वेगळे होतात. ठराविक रक्कम लिहिली, तर महागाईने तिचे मोल घटते. शिवाय देणी आधी फेडावी लागत असल्याने मालमत्ता अपेक्षेपेक्षा कमी भरली, तर अशा दानांत कपात होते. विशिष्ट वस्तू लिहिली, म्हणजे अमुक बँकेतील अमुक ठेव किंवा अमुक सदनिका, आणि मृत्यूपूर्वी ती ठेव मोडली किंवा सदनिका विकली, तर ते दान संपते. त्या जागी दुसरी वस्तू आपोआप येत नाही. तिसरा प्रकार म्हणजे देणी आणि इतर वाटण्या भागवून जे उरेल त्याचा काही हिस्सा देणे, ज्याला उर्वरित मालमत्तेचे दान म्हणता येईल. मालमत्तेत पुढे होणारे बदल हा प्रकार सामावून घेतो. मुंबईचे उद्योगपती सर रतन टाटा १९१८ मध्ये निवर्तले आणि त्यांच्या मृत्युपत्रानुसार १९१९ मध्ये त्यांच्या नावाचा न्यास उभा राहिला, हे मृत्युपत्रातून झालेल्या मोठ्या दानाचे ठळक उदाहरण आहे.

दुसरे नाव लिहून ठेवण्याचे महत्त्वही इथेच कळते. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स स्मिथसन यांनी १८२६ च्या मृत्युपत्रात संपत्ती पुतण्याला दिली आणि तो निःसंतान वारला तर ज्ञानाच्या वाढीसाठी व प्रसारासाठी वॉशिंग्टन येथे संस्था काढण्याकरिता ती अमेरिकेला द्यावी, असे लिहिले. स्मिथसन १८२९ मध्ये वारले, पुतण्या १८३५ मध्ये निःसंतान गेला आणि १८४६ मध्ये स्मिथसोनियन संस्था स्थापन झाली. लाभार्थी दात्याआधी गेला, तर ते दान सामान्यतः रद्द होऊन उर्वरित मालमत्तेत मिसळते. त्यामुळे ‘पुतणी हयात नसल्यास हा हिस्सा अमुक संस्थेला’ यासारखे एक वाक्यही पुरेसे काम करते.

सर्वांना सारखी मोकळीक नाही

आपल्या मालमत्तेपैकी किती दान देता येते, हे व्यक्तिगत कायद्यावर अवलंबून असते. हिंदू व्यक्ती स्वकष्टार्जित मालमत्ता पूर्णपणे आणि एकत्र कुटुंबातील आपला हिस्साही मृत्युपत्राने देऊ शकते. मुस्लिम कायद्यानुसार अंत्यविधी आणि देणी भागवून उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग वारसांच्या संमतीवाचून देता येत नाही. ख्रिस्ती व्यक्तीला जवळचे नातेवाईक असल्यास धर्मादाय दानाचे मृत्युपत्र मृत्यूपूर्वी किमान बारा महिने आधी करण्याची अट होती. ती भेदभावाची ठरवून सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये रद्द केली. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेतून आलेल्या उत्तराधिकार कायद्यानुसार मुले असताना निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव असते. शिवाय विवाहानंतर मालमत्ता पतिपत्नीच्या सामायिक मालकीची असेल, तर आधी दात्याचा स्वतःचा अर्धा वाटा वेगळा काढावा लागतो आणि त्या वाट्याच्या निम्म्यातूनच दान करता येते.

संस्थेच्या बाजूची अडचण

दान स्वीकारणेही नेहमी सोपे नसते. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाला स्थावर मालमत्ता विकायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. संस्था सदनिका विकून पैसा वापरेल, अशी दात्याची कल्पना असेल, तर सदनिकाच देण्यापेक्षा एक्झिक्युटरने ती विकून येणारी रक्कम संस्थेला द्यावी, असे लिहिणे अधिक सोयीचे ठरते.

परदेशस्थ मराठी दात्यांना आणखी एका कायद्याची दखल घ्यावी लागते. दाता अजून भारतीय नागरिक असेल, तर त्याच्या स्वतःच्या बचतीतून आलेला पैसा परदेशी देणगी मानला जात नाही. त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर तो मूळचा भारतीय असूनही त्याचा पैसा परदेशी देणगी मानला जातो. अशा वेळी भारतातील संस्थेकडे परदेशी देणगी नियमन कायद्याखालील नोंदणी हवी आणि रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठराविक खात्यातच यावी लागते. म्हणून अमेरिकेतील निवृत्ती खात्यात भारतातील संस्थेचे नाव थेट लिहिण्याऐवजी, महाराष्ट्रातील कामांना साहाय्य करणाऱ्या तिथल्याच नोंदणीकृत संस्थेचे नाव लिहिणे पुष्कळदा सुटसुटीत ठरते.

कराचा विचार केला, तर भारतात १९८५ पासून मृत्यूनंतरच्या संपत्तीवर कर नाही आणि देणगीवरील प्राप्तिकर सवलत हयातीत दिलेल्या रकमेलाच मिळते. त्यामुळे करबचत हा उद्देश असेल, तर जिवंतपणी देणे योग्य. मृत्युपत्रातले दान ज्याला आयुष्यभर पैशाची गरज लागू शकते त्याच्या सोयीचे असते, कारण शेवटपर्यंत पैसा स्वतःकडे राहतो आणि मत बदलण्याचा अधिकारही.

थोडक्यात

- भारतात नॉमिनी रक्कम स्वीकारतो. ती कोणाची, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. विम्यातील जवळच्या नातेवाइकांचा अपवाद लक्षात ठेवावा.
- बँकेत संस्थेला नॉमिनी करता येत नाही. एक्झिक्युटरलाच नॉमिनी करावे.
- संस्थेचे नोंदणीकृत नाव, क्रमांक व पत्ता लिहावा आणि पर्यायी लाभार्थी व पर्यायी हेतूही नमूद करावा.
- ठराविक रकमेपेक्षा उर्वरित मालमत्तेचा हिस्सा बदलत्या परिस्थितीत अधिक टिकतो.
- लग्न, घटस्फोट, मृत्यू किंवा घरविक्री झाल्यावर नामनिर्देशन आणि मृत्युपत्र दोन्ही एकत्र तपासावेत.
- संस्थेला आणि एक्झिक्युटरला हयातीतच कल्पना द्यावी, कारण मृत्युपत्र आहे हेच कोणाला ठाऊक नसेल तर त्यातले दान अमलात येत नाही.